श्वासाचा आराखडा

सोमवार, ८ जानेवारी

सरांच्या कागदांचं काम आज पुन्हा हातात घेतलं. सर जाऊन दोन वर्षं झाली आणि तेव्हापासून त्यांची खोकी संस्थेच्या दप्तरखान्याच्या या तळघरात माझ्या डोक्यावर बसली आहेत. संस्थेत त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत, जणू बाकीचे प्राध्यापक नव्हतेच. बेडकाच्या मज्जातंतूतली वीज मोजता मोजता या माणसाने श्वास घ्यायला लावणारं यंत्र तयार केलं. छातीत कातडीखाली तारेचं बारीकसं वेटोळं, बाहेरून त्यावर चिकटवायची कडी आणि कमरेला डबी. डबीतून ठोका जातो, वेटोळं तो मज्जातंतूला पोचवतं, फुप्फुसांखालचा पडदा हलतो. जागेपणी धडधाकट असलेल्या काही लोकांचं शरीर झोप लागली की श्वास घ्यायचं विसरतं. हे यंत्र त्यांच्यासाठी.

एवढा मोठा माणूस, पण कागद ठेवलेत रद्दीवाल्यासारखे. बिलांच्या पाठीवर समीकरणं, समीकरणांच्या पाठीवर दूधवाल्याला निरोप. एका खोक्यावर 'फालतू' लिहिलंय आणि नेमकं त्याच्यात पहिल्या यंत्राचं सगळं टिपण निघालं. बेडकांच्या पेटीवर 'सहकारी' अशी चिठ्ठी.

दुपारी एक गृहस्थ जिना उतरून आले. साठीच्या पुढचे, शर्ट नीट इस्त्रीचा पण बटणं एक घर चुकलेली. शाळेत भूगोल शिकवायचे, आता निवृत्त. सरांचे कागद बघायचेत म्हणाले. मी सांगितलं, सरांच्या मुलाच्या परवानगीशिवाय पंचवीस वर्षं कुणाला दाखवता येत नाहीत. ते म्हणाले, बरं. पण उठले नाहीत. खुर्चीच्या हातांवर हात ठेवून तसेच बसून राहिले. मग मीच विचारलं, काम काय आहे.

गुरुवार, ११ जानेवारी

त्या दिवशी पुरतं लिहिलं नाही. मास्तरांच्या (मी त्यांना मास्तरच म्हणते) बायकोच्या छातीत सरांचं यंत्र आहे. तरुणपणी बसवलेलं, सरांच्या पहिल्या काही रोग्यांपैकी त्या. आतलं वेटोळं अजून ठणठणीत आहे, पण बाहेरची डबी मरायला टेकलीय. दोन डब्या होत्या, एक गेल्या वर्षीच गेली. त्या करणारा कारखाना कधीच बंद पडला. मास्तरांचा मेहुणा विजेच्या उपकरणांचा इंजिनिअर आहे. तो म्हणतो, आराखडा मिळाला तर मी नवी डबी करून देतो, आराखड्याशिवाय हात लावणार नाही, जिवाशी खेळ आहे.

डॉक्टर म्हणतात, गळ्याला भोक पाडून नळी घाला आणि रात्री मोठं यंत्र जोडा. मास्क लावून बघितला, तो त्यांना सोसत नाही, झोपेत ओढून काढतात. आणि गळ्याला हात लावू देत नाहीत, कारण आयुष्यभर बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करायच्या. म्हणजे तो आवाज त्यांचा! तो ऐकतच मी कॉलेजात गेले आणि नोकरीला लागले.

डबी मध्येच थांबते, म्हणून मास्तर रात्रभर उशाशी बसतात. थांबली की बायकोला हलवून जागं करतात. दिवसा त्यांना झोप लागली तर म्हणून मेहुण्याची बायको येऊन बसते, तेव्हा यांना सुटका; तेवढ्या वेळात ते इथे येतात.

सरांच्या मुलाला पत्र टाकलं. फोन नंबर आहे माझ्याकडे, पण फोनवरच्या बोलण्याला पुढे कुणी विचारत नाही. कागद तो कागद.

मंगळवार, १६ जानेवारी

आराखडा सापडला. 'फालतू'च्या खालच्या खोक्यात, निळ्या कागदाची गुंडाळी. सरांचं इतकं सुबक काम मी दुसरं पाहिलं नाही. प्रत्येक भागाचं माप, तारेची जाडी, ठोक्याची लांबी, सगळं. कोपऱ्यात लिहिलंय, 'ज्याला करून बघायचं असेल त्याने खुशाल करावं. मला विचारत बसू नये.' सरांच्या स्वभावाचा नमुना म्हणून हे सूचीत घ्यायला हवं.

मास्तर समोरच होते, पण सांगितलं नाही. नोंद नाही, क्रमांक नाही, परवानगी नाही. म्हटलं, अजून बरीच खोकी उघडायची आहेत. ते म्हणाले, काही हरकत नाही, मी बसतो.

आणि बसल्या बसल्या झोपले. वाचनकक्षात झोपायला मनाई आहे, पाटीच आहे तशी. मी पाटी उलटी करून ठेवली. झोपेत त्यांचा चेहरा लहान मुलासारखा होतो. मी टेबलाच्या या बाजूला सूची करत होते. दोन वाजून गेले तरी जेवणाचा डबा उघडायचं लक्षात आलं नाही.

बऱ्याच दिवसांनी काम छान झालं.

रविवार, २१ जानेवारी

आक्काचा फोन. मोठी बहीण म्हणून दर रविवारी माझी हजेरी घेते. मी सांगितलं, चष्म्याला नवी फ्रेम घेतली. "जुनीला काय झालं होतं?" काही झालं नव्हतं, पण जुनीत मी ग्रंथालयासारखी दिसते. आक्का हसली. म्हणाली, तू ग्रंथालयच आहेस. मग मास्तरांबद्दल सांगितलं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "मग दे ना ते कागद." आक्काला काय, तिने कधी नोकरी केली नाही. सांगितलं, परवानगीसाठी पत्र टाकलंय. "फोन कर." मी म्हटलं, बघते.

आक्काचं हे नेहमीचंच आहे. कशातही घाई.

बुधवार, २४ जानेवारी

सकाळी सरांच्या मुलाचाच फोन. पत्र मिळालं म्हणे. आवाज सरांसारखाच, तोडून बोलण्याची पद्धतही तीच. म्हणाला, "अहो, देऊन टाका. मी ते कागद बंद केले ते आईबाबांच्या घरगुती पत्रांसाठी. यंत्राचं काय लपवायचंय? बाबा असते तर स्वतः डबी करून घरी नेऊन दिली असती."

मी म्हटलं, आपण हे लेखी द्यावं. तो म्हणाला, पाठवतो, पण तोवर थांबू नका. मी म्हटलं, नियम आहे. मग म्हणाला, ठीक, जसं तुमचं ऑफिस. वहीत नोंद केली: तारीख, वेळ, तोंडी संमती.

मास्तरांना मुद्दामच कळवलं नाही. लेखी यायचं ते येईल तेव्हा येईल, मध्येच काही फाटा फुटला तर? या माणसाला उगाच आशेला लावून पाडायचं पाप कोण घेणार?

ते आज पेन्सिली टोकदार करून देत होते. सगळ्या. भूगोलाच्या मास्तरांची सवय, म्हणाले, नकाशाला बोथट पेन्सिल चालत नाही. इतक्या टोकदार पेन्सिली या तळघराने पाहिल्या नसतील.

सोमवार, २९ जानेवारी

आज एक सुंदर गोष्ट घडली.

सरांच्या नोंदयंत्राच्या कागदी पट्ट्यांची खोकी उघडली. रोग्याच्या श्वासाची रेघ, रात्रभराची, फूटच्या फूट. एकीवर मास्तरीणबाईंचं माहेरचं नाव. यंत्र बसवल्यानंतरची पहिली रात्र. ही पट्टी घरगुती पत्रांत मोडत नाही आणि आराखड्यातही नाही, तेव्हा दाखवायला माझ्या मते हरकत नव्हती. लांब टेबलावर उलगडली. एक टोक मी धरलं, एक त्यांनी.

आधी टेकड्या. मग टेकड्या बुटक्या होत जातात, मग सपाट. शेजारी सरांच्या अक्षरात, 'झोप'. सपाट रेघ हातभर लांब आहे. मास्तर ती बघत राहिले. मग एक बारकी काळी खूण, 'सुरू', आणि तिथून एकसारख्या टेकड्या, एकीसारखी दुसरी, पट्टी संपेपर्यंत. त्यांनी बोट ठेवलं आणि टेकड्यांवरून नेत गेले. म्हणाले, लग्नाच्या आधीची आहे ही, तेव्हा मी तिला ओळखतही नव्हतो.

पट्टी परत गुंडाळताना ती माझ्या बाजूने वाकडी होत होती. त्यांनी माझा हात सरळ केला.

जाताना जिन्यात थांबून त्यांनी विचारलं, आराखडा मिळेल ना हो बाई? म्हटलं, मिळेल. फेब्रुवारीअखेरपर्यंत डबीची वाट बघायची, नाहीतर गळ्याचं ऑपरेशन, असं आता घरी ठरलंय. बायकोने मान्य केलंय. म्हणजे तशी अडचण उरली नाही म्हणायची. ऑपरेशन आहेच.

शुक्रवार, २ फेब्रुवारी

मास्तरीणबाई स्वतः आल्या. भावाने गाडीतून आणून सोडलं. मास्तर घरी झोपले होते. त्यांना न सांगताच आल्या म्हणाल्या.

मी कल्पना केली होती कुणी खंगलेली बाई. पण त्या चांगल्या उंच, केस दाट, फक्त डोळ्यांखाली काळं. आणि आवाज. 'नमस्कार' म्हणाल्या आणि मी उगाच उठून उभी राहिले, माझी गाडी लागल्यासारखी.

त्यांनी सगळं बघून घेतलं. कपाटं, मास्तरांची खुर्ची, तिच्यावर मी ठेवलेली उशी, टोकदार पेन्सिली, आणि मला. मला बराच वेळ. म्हणाल्या, चष्मा छान आहे तुमचा, हे सांगत होते नवीन आहे म्हणून. मला बरं वाटलं. घरी जाऊन सांगण्याइतकं त्यांच्या लक्षात आलं म्हणायचं.

मग टेबलाशी बसल्या. म्हणाल्या, "बाई, मी स्पष्टच विचारते. कागद सापडत नाहीये, की मिळत नाहीये?"

मी कार्यपद्धती समजावली. खोकी, क्रमांक, परवानगी, नोंद. त्यांनी पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला मरायची भीती नाही वाटत. झोपेतच जाईन, कळणारही नाही. पण ते उशाशी बसलेले असतील, आणि एखाद्या रात्री त्यांचा डोळा लागेल. मग पुढचं सगळं आयुष्य त्यांना ते घेऊन काढावं लागेल. तेवढं होऊ देऊ नका."

मी म्हटलं, तुम्ही काळजी करू नका, माझ्याकडून मी सगळं करते आहे. त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, "एकटीने राहणं सोपं नसतं, मला कळतं. यांना मी सांगेन, कागद मिळाले तरी इथं येत जा म्हणून. येतील ते. माझं ऐकतात."

हे त्या का म्हणाल्या कळलं नाही. मी कुठे काही मागितलं होतं? त्या गेल्यावर दुपारभर डोकं ठणकत होतं. खुर्चीवरची उशी काढून कपाटात ठेवली, संध्याकाळी परत ठेवली.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

मास्तर आज आले ते भिंत धरून. डबी रात्री तीनदा थांबली. चहा दिला तर कप हातातून निसटला. मी म्हटलं, घरी जाऊन पडा. म्हणाले, इथेच बरं वाटतं.

इथेच बरं वाटतं, असं म्हणाले.

निळी गुंडाळी माझ्या मागच्या कपाटात आहे. नोंद झालेली आहे, क्रमांकही पडलाय. फक्त पत्र यायचंय. दोनदा उठून किल्ली लावली. पण आज दिलं आणि उद्या कुणी विचारलं तर? नोकरीची एवढी वर्षं मी एक कागद इकडचा तिकडे होऊ दिला नाही.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

मुलाचं पत्र आलं. दोन ओळी. 'यंत्रासंबंधीचे सर्व कागद त्या शिक्षकांना ताबडतोब द्यावेत. हे मी पूर्वीच सांगितले आहे.' 'पूर्वीच'खाली रेघ ओढलीय. अशी रेघ ओढायची गरज नव्हती.

मास्तर आज आले नाहीत. त्यांच्या शेजाऱ्यांचा नंबर आहे, पण शुक्रवारी संध्याकाळी लोकांना कशाला त्रास. सोमवारी येतीलच. त्यांच्या हातात द्यायला मलाही आवडेल.

सोमवार, १२ फेब्रुवारी

दिला.

आधी संचालकांची सही घेतली, प्रत काढवली, शिक्का मारला. त्यात दुपार झाली. मास्तर बाहेरच्या बाकावर बसून होते. निळी गुंडाळी टेबलावर उलगडली तेव्हा त्यांनी आधी मापं बघितली नाहीत, कोपऱ्यातलं सरांचं वाक्य वाचलं. दोनदा वाचलं. म्हणाले, "हे त्यांनीच लिहिलंय?" मी म्हटलं, हो, अक्षर सरांचंच, मी पडताळलंय.

मग त्यांनी हात जोडले. मी गुंडाळी आवरत म्हटलं, मूळ आराखडा बघायचा असेल तर कधीही या. प्रतीवर काही रेघा पुसट उठतात, शंका राहतात. त्यांनी मान हलवली, पण लक्ष नव्हतं. प्रत छातीशी धरून जिना चढून गेले. एवढ्या थकलेल्या माणसाला इतकं भरभर चढताना पाहिलं नव्हतं.

मेहुणा म्हणे आठवड्याभरात डबी उभी करतो. सगळं सामान आणून तयारच बसलाय.

संध्याकाळी तळघर फार मोठं वाटलं.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

मास्तरीणबाई गेल्या. बुधवारी पहाटे. मला आज कळलं, मेहुण्याने ऑफिसात फोन केला, आता मूळ आराखडा लागणार नाही म्हणून सांगायला. डबी अर्धी झाली होती. मास्तरांचा डोळा लागला, डबी थांबली, उठले तेव्हा सकाळ झालेली.

मी विचारलं, मास्तर कसे आहेत. तो म्हणाला, बसून आहेत.

जायला हवं होतं, पण कुठल्या नात्याने?

रविवार, १८ फेब्रुवारी

आक्काचा फोन. सांगितलं तिला. मग म्हणाली, "मुलाचा होकार आला कधी होता?" मी म्हटलं, लेखी नऊ तारखेला. "आणि तोंडी?" मी फोन ठेवला. मोठी बहीण असली म्हणून काहीही विचारायचं नसतं.

सर्दी झाल्यासारखं वाटतंय. तळघरातल्या ओलीने असेल. औषधवाल्याकडून गोळ्या आणल्या.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

संचालकांनी वर बोलावलं. मास्तरांच्या मेहुण्याशी बोलणं झाल्यावर सरांच्या मुलाने त्यांना फोन करून बरंच सुनावलं म्हणे. मी वही पुढे ठेवली. सगळ्या नोंदी तारीखवार, कुठे खाडाखोड नाही. संचालक वाचत गेले. शेवटी म्हणाले, "तुमची काहीच चूक नाही. प्रत्येक गोष्ट नियमाप्रमाणे आहे." वही परत देताना मात्र माझ्याकडे बघितलं नाही. कामात असतात.

मीही तेच म्हणते. एकही नियम मोडला नाही.

सोमवार, ११ मार्च

मास्तर आले.

मी उभीच राहिले. दाढी वाढली होती, शर्टाची बटणं मात्र नीट होती. हातात कापडी पिशवी. तिच्यातून दोन्ही जुन्या डब्या काढून टेबलावर ठेवल्या, चिकटवायची कडी ठेवली आणि मेहुण्याने अर्धी केलेली नवी डबीही ठेवली, तिच्या तारा उघड्या होत्या. म्हणाले, सरांच्या कागदांबरोबर राहू दे. कुणाला कधी उपयोग झाला तर.

मी बसा म्हटलं. बसले, पण आपल्या खुर्चीवर नाही, दाराजवळच्या स्टुलावर. उशी होती खुर्चीवर. चहा नको म्हणाले. मी म्हटलं, फार वाईट झालं. त्यांनी मान हलवली. मी म्हटलं, तुमच्या हातात जे होतं ते तुम्ही केलंत, माणसाचा डोळा लागतोच. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

विचारलं, "सरांच्या मुलाचा फोन कधी आला होता तुम्हाला?"

सरांच्या यंत्राची ही शेवटची हकिगत, तिची नोंद करून ठेवायची असेल त्यांना, असं मला वाटलं. मास्तर माणूस, तारखांना पक्का. मी वही काढून पान उघडलं. म्हटलं, चोवीस जानेवारी, बुधवार, सकाळी.

ते पानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तेव्हा ती होती."

मी म्हटलं, हो, होत्याच. दोन फेब्रुवारीला इथे आल्याही होत्या, त्याचीही नोंद आहे.

त्यांनी वही मिटली. हळूच, आपल्या हाताने. पिशवीची घडी घातली आणि जिना चढून गेले. एकेक पायरी, कठड्याला धरून. मी खालून म्हटलं, देणगीची पावती राहिली. ते थांबले नाहीत, ऐकू गेलं नसेल.

गुरुवार, २८ मार्च

डब्यांची नोंद झाली. दोन जुन्या, एक अपूर्ण. देणगीदाराच्या सहीची जागा रिकामी आहे आणि सहीशिवाय वस्तू आपली होत नाही. पोस्टाने पाठवली तर पावती गहाळ होते, असा अनुभव आहे. तेव्हा त्यांना यावंच लागेल एकदा.

आज पाठ दुखते म्हणून लवकर निघायचं होतं. पण बंद व्हायच्या वेळेला कुणी आलं आणि दाराला कुलूप दिसलं तर बरं दिसत नाही. साडेपाचपर्यंत बसले.